हवेवरचा उतारा, हवेबाहेर

१३ जुलै २०२० रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून बुटांच्या खोक्याएवढा एक उपग्रह बाहेर सोडण्यात आला. नाव डेमी. त्याच्या पोटातला मुख्य ऐवज होता करंगळीच्या नखाहून लहान आरसा. या आरशाच्या पाठीला १४० बारीक अॅक्च्युएटर, म्हणजे आरशाला जागच्या जागी हलवणारे भाग होते. ज्याला विजेचा दाब द्यावा तेवढ्याच जागी आरसा किंचित आत ओढला जाई. असा लवचीक आरसा मुळात हवेशी झगडायला जन्माला आला. मग जिथे हवाच नाही तिथे त्याचं काय काम? या प्रश्नाच्या उत्तरात त्याचा बराचसा इतिहास येतो.

वातावरणातल्या उष्ण-थंड थरांतून येताना ताऱ्याचा प्रकाश वेडावाकडा होतो आणि दुर्बिणीत ठिपक्याऐवजी थरथरणारा गोळा दिसतो. १९५३ मध्ये होरेस बॅबकॉक या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने त्यावर तोडगा सुचवला. आरशावर तेलाचा पातळ थर द्यायचा, इलेक्ट्रॉनच्या झोताने त्यावर विद्युतभार टाकायचा आणि प्रकाशात आलेल्या वाकडेपणाच्या बरोबर उलटा वाकडेपणा त्या तेलात उमटवायचा. कल्पना पक्की होती, पण ती राबवण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं.

पैसा आला तो लष्कराकडून. शीतयुद्धात सोव्हिएत उपग्रहांचे जमिनीवरून स्पष्ट फोटो हवे होते. त्यामुळे सत्तरच्या दशकात अमेरिकेत या आरशांवर गुपचूप काम झालं आणि १९८२ मध्ये हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरच्या दुर्बिणीला अशी यंत्रणा बसली. खगोलशास्त्रज्ञांना त्याचा पत्ता नव्हता. फ्रान्समध्ये १९८९ साली १९ अॅक्च्युएटरच्या आरशाने खगोलनिरीक्षण साधलं, ते लष्करी काम गुप्त असतानाच. अमेरिकेने त्यातलं बरंचसं १९९१ मध्ये खुलं केलं. तीच खटपट दोनदा झाली, असं म्हणायला हरकत नाही.

अंतराळात अडचण वेगळी असते. तिथल्या दुर्बिणीला दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह टिपायचे असतात. सूर्यासारख्या ताऱ्याशेजारचा पृथ्वीसारखा ग्रह दृश्य प्रकाशात त्याच्यापेक्षा सुमारे हजार कोटी पटींनी मंद असतो. ताऱ्याचं तेज झाकायला कोरोनाग्राफ हे उपकरण आहे. बर्नार ल्यो या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास तो सूर्याचा प्रभामंडल पाहण्यासाठी बनवला होता. पण तारा झाकला तरी दुर्बिणीच्या आरशांवरचे नॅनोमीटरभर (मीटरच्या अब्जाव्या भागाएवढे) उंचसखल भाग प्रकाश इकडेतिकडे सांडतात आणि त्याचे जे ठिपके उमटतात ते हुबेहूब ग्रहासारखे दिसतात. दुर्बीण एका बाजूने तापली की ठिपकेही हलतात. हा सांडलेला प्रकाश आवरायला पुन्हा तोच लवचीक आरसा लागतो, फक्त आता हवेऐवजी दुर्बिणीच्याच खोडी काढून टाकायला.

सिलिकॉन चिपच्या पद्धतीने घडवलेले छोटे आरसे बोस्टन विद्यापीठातल्या संशोधनातून पुढे आले. जमिनीवर त्यांनी नाव कमावलं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या जेमिनी प्लॅनेट इमेजर या ग्रह टिपणाऱ्या उपकरणामध्ये अशा एका आरशाला ४,०९६ अॅक्च्युएटर आहेत. पण उड्डाणाचे हादरे, निर्वात, किरणोत्सर्ग आणि शेकड्यात मोजावे लागणारे व्होल्ट हे सगळं एकत्र आलं की काय होईल? २०१५ मध्ये साउंडिंग रॉकेटमधून, म्हणजे अंतराळाला शिवून लगेच परत येणाऱ्या अग्निबाणातून, असा आरसा अंतराळात गेला, पण त्या उड्डाणाला मिळतात मोजकी मिनिटं. महिनोन्‌महिने टिकण्याची परीक्षा बाकीच राहिली.

ती परीक्षा घ्यायला क्यूबसॅट हा ठोकळ्यांच्या मापाचा छोटा उपग्रह सोयीचा ठरला. १० सेंटिमीटरच्या घनाचं हे माप १९९९ मध्ये बॉब ट्विग्ज आणि जॉर्डी प्विग-सुआरी या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी ठरवलं. ट्विग्ज यांना ते सुचलं खेळण्याच्या प्लॅस्टिकच्या डबीवरून! डेमी हा अशा सहा घनांचा. एमआयटीत केरी कॅहोय यांच्या गटाने तो उभा केला, पैसा डार्पाचा, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा.

त्याने काही नवा ग्रह शोधायचा नव्हता. माझ्या मते हेच त्याचं शहाणपण. आतला लेझर किंवा बाहेरचा तारा यांचा प्रकाश आरशावर पाडायचा, मग तो इवल्या भिंगांच्या जाळीतून नेऊन कॅमेऱ्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटवायची. एक अॅक्च्युएटर ओढला की त्याच्या जागचे ठिपके सरकतात, आणि किती सरकले त्यावरून आरसा किती वाकला ते कळतं. एकेका अॅक्च्युएटरची हालचाल १२ नॅनोमीटरपर्यंतच्या अचूकतेने मोजायची, हे उद्दिष्ट होतं. आरसा कक्षेत चालला आणि त्याची मोजमापं जमिनीवर आली.

नासाच्या रोमन या अंतराळ दुर्बिणीच्या कोरोनाग्राफमध्ये मात्र दोन वेगळ्या जातीचे आरसे आहेत. त्यांचा पृष्ठभाग हलवतात ते सिरॅमिकचे अॅक्च्युएटर, प्रत्येक आरशाला ४८ बाय ४८. चिपच्या आरशाची अडचण अजून त्याच्या पाठीमागेच आहे. प्रत्येक अॅक्च्युएटरला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र व्होल्टेज लागतं. १४० तारा खोक्यात मावल्या. काही हजार तारा आणि त्यांना वीज पुरवणारे सर्किट बोर्ड कुठे बसवायचे, याचं उत्तर नखाएवढ्या आरशात मिळत नाही.