गावच्या विकास आराखड्यात आपलं काम कसं घालायचं? पात्रता, कागदपत्रं आणि ठरावापर्यंतची वाट

15 ऑगस्टचं झेंडावंदन झालं की शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसते. मागून कोणीतरी उठून विचारतं, "आमच्या वस्तीचा रस्ता कधी व्हायचा?" सरपंच म्हणतात, "घेऊ की, यंदा घेऊ." पुढच्या 15 ऑगस्टला तोच माणूस, तोच प्रश्न आणि तेच उत्तर. आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावात, म्हणजे बीड जिल्ह्यात, मी दोन वर्षं संसाधन गटात, म्हणजे आराखडा तयार करायला मदत करणाऱ्या गावच्या गटात, बसलो. तेव्हा कळलं की दरवेळी सरपंच खोटंच बोलतात असं नाही. मागणी कोणत्याच कागदावर नसते, आणि जे कागदावर नाही ते आराखड्यात येत नाही. आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा, म्हणजे आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून पंचायतीला येणारा, पैसा खर्च करता येत नाही.

हा आराखडा म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा. 73व्या घटनादुरुस्तीने (1993 पासून लागू) गावाचं नियोजन गावानेच करायचं, हे कलम 243-छ मध्ये आलं. प्रत्यक्षात गावाच्या हातात थेट पैसा 14व्या वित्त आयोगापासून, 2015 नंतर येऊ लागला. त्याच वर्षी राज्याने 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने आराखड्याची पद्धत घालून दिली. पंचायतीच्या दारावरची ती रंगवलेली पाटी बहुतेकांनी पाहिली असेल, पण तिच्यामागचा आराखडा उघडून पाहिलेले फार थोडे.

कोण मागणी करू शकतं

ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो. जमीन, घर, जात, शिक्षण यांची अट नाही. घरपट्टी थकली म्हणून कोणी तुम्हाला ग्रामसभेत बोलू देत नसेल, तर तसा नियम नाही. थकबाकी वसुलीचा मार्ग वेगळा आहे.

नाव पुण्या-मुंबईच्या यादीत गेलेल्यांना सभेत मत नाही. गावाबद्दल कळकळ असली तरी ठराव मांडायला सूचक आणि अनुमोदक गावातलाच मतदार लागतो. 18 वर्षांखालच्यांसाठी बालसभा असते. ती चेष्टेत घेऊ नका. शाळेचं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी हे विषय पोरंच सगळ्यात नेमके सांगतात.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. कायद्यात ती आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती फक्त सह्यांच्या रजिस्टरमध्येच भरते. बचत गटातल्या चार बायांनी मनावर घेतलं तर ती खरी भरते, आणि तिथून आलेली मागणी ग्रामसभेत खोडून काढणं कोणालाही जड जातं.

कधी: इथेच गाडं अडतं

2018 पासून पुढच्या वर्षाचा आराखडा करण्याची मोहीम 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. मग शिवारफेरी, वंचित घटकांची सभा, महिला सभा, गरजांचा प्राधान्यक्रम, मसुदा, तालुक्याला तांत्रिक छाननी आणि शेवटी ग्रामसभेची मंजुरी. हे सगळं साधारण डिसेंबर-जानेवारीपर्यंत आटोपून आराखडा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढवायचा असतो.

आता आमच्या जिल्ह्याकडे बघा. साखर कारखान्यांचे गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतात. दसरा-दिवाळीच्या आसपास तांडे आणि वस्त्या रिकाम्या होतात, ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे ज्यांच्या वस्तीला रस्ता नाही, नळ नाही, तीच माणसं नियोजनाच्या तीन महिन्यांत गावात नसतात. वंचित घटकांची सभा होते, पण वंचित फडावर असतात.

म्हणून ऊसतोड कुटुंबांनी आणि त्यांच्यासाठी धडपडणाऱ्यांनी ऑक्टोबरची वाट पाहूच नये. अर्ज सप्टेंबरात द्यावा. बैलपोळा झाला की लागलीच वस्तीत बसून दोन-तीन कामं नक्की करावीत. दहा कामांची यादी दिली तर त्यातलं पंचायतीला सोपं असेल तेच उचललं जातं.

पैसा कोणता, हे आधी विचारा

"निधी नाही" हे उत्तर अर्धवट असतं. कोणता निधी नाही, हा खरा प्रश्न.

15व्या वित्त आयोगाच्या काळात राज्यात या अनुदानाचे 80 टक्के ग्रामपंचायतीला आणि 10-10 टक्के पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला अशी वाटणी राहिली. 2021-22 पासून पंचायतीला मिळालेल्या रकमेत 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचे, होते: 30 टक्के पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांवर, 30 टक्के स्वच्छतेवर. उरलेले 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे. समजा गावाला वर्षाला 6 लाख आले, तर सिमेंट रस्ता, पथदिवे, अंगणवाडीची डागडुजी या सगळ्यांची ओढाताण 2 लाख 40 हजारांत. तुमची मागणी गटाराची किंवा शोषखड्ड्याची असेल तर ती बंधितमधून जाते, तिथे स्पर्धा कमी असते. रस्त्यासोबत नालीची मागणी असेल तर नाली वेगळी दाखवा. एप्रिल 2026 पासूनची पाच वर्षं 16व्या आयोगाची आहेत, आणि प्रमाण आयोगागणिक ठरतं. त्यामुळे सभेत पहिलाच प्रश्न "यंदा बंधित किती, अबंधित किती?" हा असू द्या.

दुसरी पिशवी पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाची. त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. लहान गावात ही रक्कम किरकोळ असते, पण ती मागितल्याशिवाय सुटतही नाही. रोजगार हमीची कामंही ग्रामसभेतूनच सुचवायची असतात. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या भागात 5 टक्के अबंध निधी वेगळा येतो, तो आमच्या जिल्ह्यात नाही.

एक फरक लक्षात ठेवा. घरकुल, विहीर, शौचालय हे वैयक्तिक लाभ, त्यांची यादी आणि निकष वेगळे. आणि शेताकडे जाणारा रस्ता शेजाऱ्याने अडवला असेल तर तो आराखड्याचा विषयच नाही. त्यासाठी मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. ग्रामसभेत त्यावर तासभर भांडून काही निघत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अर्ज आणि सोबतचे कागद

ठरलेला छापील फॉर्म लागत नाही, साध्या कागदावर चालतं. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या नावे लिहा. (2024 मध्ये ग्रामसेवक हे पद ग्रामपंचायत अधिकारी झालं. पाटी बदलली, गावात अजून भाऊसाहेबच.) मजकूर साधारण असा:

"विषय: सन ____ च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम समाविष्ट करणेबाबत. वरील विषयास अनुसरून, ____ वस्तीवर ____ घरे असून अंदाजे ____ लोक राहतात. मुख्य रस्त्यापासून वस्तीपर्यंत ____ मीटर रस्ता कच्चा आहे. पावसाळ्यात शाळेत व दवाखान्यात जाण्याची वाट बंद होते. तरी सदर काम आगामी आराखड्यात घेऊन येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ठेवावे, ही विनंती."

खाली जितक्या घरांच्या होतील तितक्या सह्या किंवा अंगठे घ्या, प्रत्येकापुढे मतदार यादीतला अनुक्रमांक लिहा. एकट्याचा अर्ज चालतो, पण सामूहिक अर्ज बाजूला सारणं अवघड. सोबत हे जोडा:

– जागेचे दोन-तीन फोटो, त्यातला एक पावसाळ्यातला. उन्हाळ्यातल्या फोटोत कुठलाही रस्ता बराच दिसतो.
– हाताने काढलेला नकाशा चालेल: कुठून कुठवर, किती मीटर.
– जागा कोणाची, याचा पुरावा. रस्ता असेल तर तो पंचायतीच्या नमुना 23 मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंदलेला आहे का, ते पाहून घ्या. इतर बांधकामासाठी जागेचा सातबारा किंवा नमुना 8चा (कर आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा.
– जागा खाजगी असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र. टाकी, सभामंडप अशा कायम बांधकामाला नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घेतलेलं बरं.

हा शेवटचा कागद हलका समजू नका. एका वस्तीचं काम ठरावात आलं, अंदाजपत्रक झालं, आणि आखणी करायला माणसं गेली तेव्हा सातबाऱ्यावरच्या चार भावांपैकी दोघे आडवे झाले. मोठ्या भावाने तोंडी "न्या की" म्हटलं होतं, एवढ्यावर सगळे निर्धास्त होते. त्या वर्षीचा पैसा दुसऱ्या गल्लीत गेला. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या असल्या, तरच त्या संमतीला अर्थ.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. कोणी "राहू द्या, माझ्या ध्यानात आहे" म्हटलं तर हसून उभं राहा, पण पोच घेतल्याशिवाय हलू नका. घेतच नसतील तर नोंदणीकृत टपालाने पाठवा.

ग्रामसभेच्या दिवशी

नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. नोटिशीवर तुमचा विषय आहे का, ते बघा. नसेल तर त्याच दिवशी पोच दाखवून विचारा.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. 500 मतदारांच्या गावात 75 माणसं पुरतात, 1,800 च्या गावात 100. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग आठ-दहा माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. कायद्याने त्यात चूक काही नाही, पण कित्येक गावांत हीच वहिवाट पडली आहे आणि ती ज्यांच्या सोयीची आहे ते ती मोडणार नाहीत. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, म्हणून मूळ नोटिशीवर विषय असणं इतकं महत्त्वाचं.

विषय निघाला की लांब भाषण नको. ठरावाचं वाक्य लिहूनच न्या: "सन ____ च्या आराखड्यात ____ हे काम, अंदाजे ____ मीटर, ____ निधीतून प्राधान्यक्रम ____ वर घेण्यात यावे. सूचक ____, अनुमोदक ____." इतिवृत्तात ते तसंच उतरलं का, हे सभा संपण्याआधी वाचून घ्या. 'चर्चा झाली' आणि 'ठराव मंजूर झाला' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ठराव क्रमांक वहीत टिपून ठेवा.

पाण्याचा विषय असेल तर नुसती टाकी मागू नका, आकडे मांडा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी पाऊस किती झाला, पाणी किती साठलं आणि पिण्याला, शेतीला किती लागेल याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, आणि पीक त्यावर ठरतं. एवढं सगळ्यांना जमणार नाही. पण गावातल्या विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये मोजून ठेवणं कोणत्याही शाळामास्तरला पोरांकडून करून घेता येतं.

मंजुरीनंतर

ठराव झाला म्हणजे काम झालं नाही. आराखडा पोर्टलवर चढताना यादी बदलल्याचेही प्रकार होतात. ई-ग्रामस्वराजवर राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत आणि वर्ष निवडलं की मंजूर आराखड्यातली कामं आणि त्यापुढची रक्कम कोणालाही दिसते, लॉगिन लागत नाही. ठराव आणि ती यादी शेजारी ठेवून ताडून बघा. काम राहिलं असेल तर पुरवणी आराखड्यात घेण्याची मागणी लगेच लेखी करा. त्यानंतर पंचायत समितीच्या अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि मग काम.

इतिवृत्ताची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. ग्रामसभाच घेतली जात नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि तिथे दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. सबळ कारणाशिवाय सभा न घेणारा सरपंच पदासाठी अपात्र ठरू शकतो, एवढं त्या तक्रारीत नमूद करायला विसरू नका.

आणि टोळीसोबत निघणाऱ्यांसाठी: पोच घेतलेली प्रत ट्रकमधल्या पेटीत टाकून नेऊ नका. ती घरी राहणाऱ्या आजीकडे किंवा आजोबांकडे द्या. डिसेंबरच्या सभेला गावात तेच असतात, त्यांचं नाव यादीत आहे, आणि सूचक म्हणून त्यांचा अंगठा पुरतो.