केसाळ कोकरांचे मास्तर

न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला १९२८ साली मॅसी कृषी महाविद्यालय सुरू झालं. आजचं मॅसी विद्यापीठ ते हेच. फ्रान्सिस विल्यम ड्राय तिथे सुरुवातीपासून शिकवत होते. मूळचे यॉर्कशायरचे, आधी केनियात कीटकशास्त्रज्ञ. मॅसीतले विद्यार्थी त्यांना ‘डॅडी ड्राय’ म्हणत.

तिथल्या रोमनी मेंढ्यांत अधूनमधून केसाळ जनावर निघे आणि त्याची लोकर घेणारे नाक मुरडत. चांगल्या लोकरीचा तंतू भरीव असतो. केसाळ तंतूच्या गाभ्यात मात्र हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून त्यावर रंग फिका दिसतो आणि कापड खरखरीत होतं. ओळखायची युक्तीही सुरेख होती: लोकरीचा झुपका बेंझीनमध्ये बुडवला की भरीव तंतू जवळजवळ दिसेनासे होतात आणि पोकळ तेवढे पांढरे उठून दिसतात.

हा दोष कळपातून कसा घालवायचा, हा मूळ प्रश्न होता. ड्राय त्याच्या मुळाशी गेले. नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या अंगावर बाकीच्या लोकरीपेक्षा लांब, राठ असे काही केस उभे असतात. साधारण रोमनी कोकरात ते थोडेच. काही कोकरांची मात्र पाठ त्यांनी भरलेली असते. ड्राय यांनी अशा मेंढ्यांचे संकर करून पिढ्यांमागून पिढ्या तपासल्या आणि दाखवून दिलं, की या केसाळपणामागे एकच प्रभावी जनुक आहे. त्याला त्यांनी ‘एन’ नाव दिलं. आईबापांपैकी एकाकडून जरी ते आलं, तरी कोकरू केसाळ होतं. म्हणजे मेंढा निवडण्यासाठी लोकर वाढायची वाट पाहायला नको. कोकराची पाठ पाहिली की पुरे. मला त्यांच्या कामातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

पुढे गालिचे विणणाऱ्यांना नेमकी अशीच लोकर हवी झाली. राठ केस पायाखाली दबत नाही, पुन्हा उभा राहतो. आपल्या दख्खनी मेंढीची राठ लोकर घोंगडीला चालते, मऊ शालीला नाही, तसंच हे. १९६०च्या दशकात ड्राय यांच्या मेंढ्यांपासून गालिच्याच्या लोकरीची ‘ड्रायस्डेल’ ही जात व्यापारी तत्त्वावर पाळली जाऊ लागली. नावात ड्राय आहेतच.

ते १९७९ साली वारले. त्याच्या चारच वर्षं आधी, ऐंशी उलटल्यावर, कोकरांच्या लोकरीवरचा त्यांचा ग्रंथ मॅसीनेच छापला होता.