सावलीच्या वेगाने: सूर्यकिरीटाच्या अभ्यासात विमान कसे आले

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आपली तुकडी घेऊन विजयदुर्गला आले होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला उपकरणे मांडून बसले होते. एवढा खटाटोप कशासाठी, तर जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी. आकाश निरभ्र राहिले म्हणून श्रम कारणी लागले. एक ढग आडवा आला असता, तर सारे पाण्यात गेले असते.

सूर्याभोवतीचे मोतिया तेजोवलय म्हणजे किरीट. त्याचे तेज सूर्यबिंबाच्या दहा लाखांश भागाएवढे, त्यामुळे एरवी ते दिसतच नाही. १८६९ च्या ग्रहणात त्याच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगारंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात, एक हिरवी रेषा सापडली. ओळखीच्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. हे कोडे सुटायला सत्तर वर्षे लागली. १९४० च्या आसपास ग्रोट्रिआन आणि एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून कळले की ही रेषा लोखंडाची आहे, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. म्हणजे किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्या पलीकडे, आणि खालचा पृष्ठभाग मात्र साडेपाच हजार अंशांचा! हे असे का, याचा पूर्ण उलगडा आजही झालेला नाही. ग्रहणाच्या एकेका मिनिटासाठी लोक जगाच्या टोकाला जातात ते यासाठी.

ढगांच्या वर जाण्याची धडपड विमानाच्याही आधीची. १८८७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह ग्रहण पाहायला रशियातल्या क्लिन गावाहून बलूनमधून वर गेले. ओल्या बलूनला त्यांचा आणि बलूनचालकाचा असा दोघांचा भार पेलेना, म्हणून ते एकटेच निघाले. १९२५ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘लॉस एंजेलिस’ या हवाई जहाजातून ग्रहण टिपले गेले. जेटयुगात उपकरणांनी भरलेली विमाने वर जाऊ लागली आणि १९६५ च्या प्रशांत महासागरावरील ग्रहणात अशा उड्डाणांना शास्त्रीय मोहिमेचे रूप आले.

पण ढग टाळले तरी सावली पुढे निघून जातेच. चंद्राची सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे धावते. पृथ्वीही त्याच दिशेने फिरत असल्यामुळे विषुववृत्ताजवळ जमिनीच्या तुलनेत सावलीचा वेग बराच कमी होतो. ३० जून १९७३ च्या ग्रहणाची सावली आफ्रिकेवरून जाणार होती, आणि तिच्या जवळपास पोहोचेल असे एक विमान तयार होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर लेना यांनी कॉनकॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाचे चाचणी वैमानिक आंद्रे तुर्का यांच्यापुढे कल्पना मांडली. पहिल्या नमुना-विमानाच्या, कॉनकॉर्ड ००१ च्या, छताला खिडक्या पाडण्यात आल्या. लास पाल्मासहून उड्डाण, ध्वनीच्या दुपटीहून थोडा अधिक वेग, सुमारे १७ किलोमीटर उंची, आणि सावलीशी गाठ अगदी ठरल्या क्षणी. जमिनीवर त्या दिवशी जास्तीत जास्त ७ मिनिटे ४ सेकंद खग्रास स्थिती होती; विमानातल्या शास्त्रज्ञांना ती ७४ मिनिटे मिळाली. उतरले ते चाडच्या राजधानीत, आजच्या एन्जामेनात.

हा आकडा अजूनही अंगावर काटा आणतो. तरीही शास्त्राच्या हिशेबात या उड्डाणाची देणगी त्याच्या कीर्तीएवढी मोठी नाही, असे मला वाटते. त्याच वर्षी स्कायलॅब ही अमेरिकी अवकाश-प्रयोगशाळा अवकाशात गेली आणि ग्रहणाची वाट न बघता महिनोन्‌महिने किरीटाचे निरीक्षण करू लागली.

मग विमान कालबाह्य झाले का? नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. किरीट पाहणाऱ्या बऱ्याच उपग्रहांत सूर्यबिंब झाकणाऱ्या तबकडीआड कडेलगतचा किरीटही झाकला जातो. चंद्र मात्र तो मोकळा सोडतो. दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते. किरीटाच्या चुंबकीय क्षेत्राचा माग लावू शकतील अशा काही रेषा अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात आहेत, आणि जमिनीवर येईपर्यंत हवेतली वाफ त्यातला बराच प्रकाश गिळते. चौदा-पंधरा किलोमीटरवर ही वाफ जवळजवळ उरत नाही. २१ ऑगस्ट २०१७ रोजी केंटकीवरून उडणाऱ्या गल्फस्ट्रीम विमानातल्या वर्णपटमापकाने अशा पाच रेषा टिपल्या. त्यातली लोखंडाची २.८५ मायक्रोमीटरची रेषा पहिल्यांदाच दिसली. त्याच दिवशी नासाच्या दोन डब्ल्यूबी-५७ विमानांनी एकामागोमाग सावलीतून जात मिळून सातपेक्षा जास्त मिनिटांची खग्रास स्थिती मिळवली. जमिनीवर ती फार तर २ मिनिटे ४० सेकंद होती.

आपल्याकडे १९९५ च्या ग्रहणाची छायाचित्रे वायुदलाच्या मिग-२५ ने घेतली. २२ जुलै २००९ च्या ग्रहणाला बिहारमधल्या तारेगण्याला जमलेल्या गर्दीच्या वाट्याला ढगच आले. आता आदित्य-एल१ या भारतीय सौरयानावरचे बंगळुरूत घडलेले उपकरण सूर्याच्या कडेला अगदी लागून असलेल्या किरीटातली ती १८६९ ची हिरवी रेषा आणि १०७४.७ नॅनोमीटरची अवरक्त रेषा पाहते. दोन ते चार मायक्रोमीटरचा पट्टा मात्र त्याच्या आवाक्यात नाही. तिथे अजूनही विमान उपयोगी पडते.