खिशातून मनगटावर, मनगटावरून खिशात

स्मार्टवॉच घ्यावं की काट्यांचं साधं घड्याळ, हा प्रश्न आजचा वाटतो. पण मनगटावरच्या त्या इंचभर जागेसाठीची झटापट जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकात मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना. पुरुषांचं घड्याळ साखळीला, खिशात. ब्राझीलचे वैमानिक सांतोस-द्युमाँ यांची अडचण वेगळीच होती: उड्डाण करताना हात सोडून खिशात घालायचा कसा? त्यांच्यासाठी पॅरिसचे जवाहिरे लुई कार्तिए यांनी १९०४ मध्ये मनगटी घड्याळ घडवलं. बाकी पुरुषांची भीड मात्र चेपली ती पहिल्या महायुद्धात. खंदकातल्या सैनिकांची घड्याळं पाहिली तर काहींच्या काचेवर धातूची जाळी दिसते, आकड्यांना अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असतो. एक हात कामात, वेळ एका नजरेत. सगळी करामत एवढीच.

पुढच्या शोधांत नेमकी हीच गोष्ट कशी विसरली गेली, ते पाहण्यासारखं आहे.

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीचं ‘ॲस्ट्रॉन’ हे पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकाच्या थरथरीवर वेळ मोजणारं, मनगटी घड्याळ बाजारात आलं. आजच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सर्किट हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत एकावर आणतं, म्हणून सेकंदकाटा टकटक उड्या मारतो. चावीचं घड्याळ दिवसाला जितके सेकंद चुकतं, तेवढे चुकायला याला महिना लागतो. या अचूकतेपुढे स्विस कारखाने कोसळले. १९८३ मध्ये ‘स्वॉच’ हे स्वस्त, प्लॅस्टिकचं क्वार्ट्झ घड्याळ काढून ते सावरू लागले.

याच धामधुमीत १९७२ मध्ये अमेरिकेच्या हॅमिल्टन कंपनीचं ‘पल्सर’ आलं. काटे गायब, लाल चमकते आकडे, किंमत २,१०० डॉलर. पण आकड्यांचे दिवे सेल खात, त्यामुळे वेळ पाहायला दुसऱ्या हाताने बटण दाबावं लागे! एवढे पैसे मोजून माणूस पुन्हा दोन हातांवर आला. सतत दिसणारे एलसीडी आकडे आल्यावर हा प्रकार थांबला.

मग मोबाइल आले आणि वेळ चक्क खिशात परतली. अनेकांनी घड्याळ काढून ठेवलं ते तेव्हा.

२०१२ मध्ये ‘पेबल’ या स्मार्टवॉचने लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरच्या वर रक्कम जमवली. त्याचा पडदा कायम दिसत असे. २०१५ च्या ॲपल वॉचचा पडदा मात्र एरवी काळा. मनगट उचललं की उजळायचा. वेळ सतत दिसायला २०१९ उजाडलं. एव्हाना वेळ हे स्मार्टवॉचचं मुख्य काम राहिलंही नव्हतं. त्याच्या पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेवर उजेड टाकतो, रक्त तो शोषतं आणि परत आलेल्या उजेडाच्या चढउतारावरून नाडीचे ठोके मोजले जातात. हे काम काट्यांच्या घड्याळाला जमत नाही, आणि खिशातल्या फोनलाही नाही.