'अख्खं आयुष्य ख्रिस्ताचं', पण वर्तुळं आखायची कोणी? थोडी पार्श्वभूमी

विश्वास फक्त रविवारच्या उपासनेपुरता नाही, धंदा, शाळा, राजकारण, कला सगळ्यालाच लागू आहे, असं म्हटलं की कुठल्याही मंडळीत माना डोलतात. वाजतं ते पुढच्या प्रश्नावर. लागू करायचा तो कोणी, आणि कुणाच्या हद्दीत शिरून?

जुना भाग पटकन उरकतो. सोळाव्या शतकापर्यंत 'पाचारण' (देवाने एखाद्या कामासाठी बोलावणं) हा शब्द बहुतेक मठातल्या लोकांसाठी आणि याजकांसाठीच राखून ठेवलेला होता, १५२० पासून जर्मनीतल्या विटेनबर्गहून मार्टिन लूथरचं जे लिखाण बाहेर पडलं त्याने तो चांभार, न्यायाधीश, मुलं सांभाळणारी आई अशा सगळ्यांच्या कामाला लावला. मधली साडेतीनशे वर्षं सरळ गाळतोय, कारण आज या विषयावर आपण जी भाषा बोलतो तिचा मोठा भाग १८७८ ते १९१७ मधल्या नेदरलँड्समधून आलाय.

आणि तिथे सुरुवात झाली शाळेच्या खर्चावरून. १८७८ च्या कायद्याने इमारत, शिक्षक वगैरेंचे निकष वाढवले, पण त्यासाठी पैसा मिळणार फक्त सरकारी शाळांना, म्हणजे ख्रिस्ती शाळेत मूल घालणाऱ्याने टॅक्सही भरायचा आणि आपल्या शाळेचा वाढलेला खर्चही स्वतःच उचलायचा. साधारण ४० लाख वस्तीच्या देशात प्रोटेस्टंटांनी काही दिवसांत तीन लाखांवर सह्या गोळा करून राजाला अर्ज दिला, कॅथलिकांनी वेगळा दिला. राजाने कायद्यावर सही केलीच. पुढच्या वर्षी या लोकांचा राजकीय पक्ष उभा राहिला आणि त्याच्या पुढच्या वर्षी विद्यापीठ.

२० ऑक्टोबर १८८० ला ॲमस्टरडॅमच्या न्यूवे केर्क या चर्चमध्ये विद्यापीठाचं उद्घाटन झालं. भाषण करणारे होते अब्राहम कायपर नावाचे एक पाळक, जे पेपरही चालवायचे आणि पुढे १९०१ ला पंतप्रधान झाले. माणसाच्या आयुष्यात तसूभर जागा अशी नाही की जिच्याकडे बघून ख्रिस्त 'ही माझी' म्हणत नाही, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य आज पोस्टरवर असतं. पण भाषणाचा विषय हा नव्हताच! विषय होता 'स्वतःच्या वर्तुळातली सार्वभौमता', आणि घोळ सगळा या शब्दात आहे.

डच शब्द 'क्रिंग', म्हणजे साधं वर्तुळ. इंग्रजीत त्याचं 'स्फिअर' झालं, आपण 'क्षेत्र' म्हणतो, आणि क्षेत्र म्हटलं की ते जिंकायचं असतं असं उगाच वाटायला लागतं. मूळ म्हणणं असं की कुटुंब, शाळा, उद्योग, विज्ञान, चर्च, सरकार या प्रत्येकाला आपापला अधिकार थेट देवाकडून मिळालेला आहे, सरकारच्या मार्फत नाही आणि चर्चच्या मार्फतही नाही. म्हणजे बापाचा अधिकार सरकारने दिलेला नाही, आणि प्रयोगशाळेत काय खरं ते पाळकाने ठरवायचं नाही. सगळं ख्रिस्ताचं आहे, म्हणूनच ते सगळं चर्चचं नाही. माझ्या मते हा दुसरा अर्धा भाग गाळला की मूळ कल्पना उलटी होते, आणि तो सर्रास गाळला जातो.

आता वर्तुळं एकमेकांना घासली तर? सरकारने मध्यस्थी करायची, दुबळ्याला वाचवायचं, असं उत्तर होतं. कागदावर छान आहे. पण जानेवारी १८८६ मध्ये चर्चमधलाच वाद, स्थानिक मंडळीचा अधिकार मोठा की वरच्या मंडळांचा, इतका पेटला की त्याच न्यूवे केर्कमध्ये बैठकीच्या खोलीत शिरायला दाराचं पॅनल चक्क करवतीने कापलं गेलं. भाषण करणारे पाळक कापणाऱ्यांच्या बाजूला होते. १९०३ मध्ये रेल्वेचा संप झाला तेव्हा तेच पंतप्रधान, आणि त्यांच्याच सरकारने रेल्वे कामगारांच्या आणि सरकारी नोकरांच्या संपावर बंदीचा कायदा आणला. बारा वर्षांपूर्वी, १८९१ च्या ख्रिस्ती सामाजिक परिषदेत, याच गृहस्थांनी गरिबांच्या बाजूने जबरदस्त भाषण केलं होतं. समर्थक म्हणतात सार्वजनिक सेवा वेगळी, विरोधक म्हणतात वर्तुळ सोयीने आखलं. मला विरोधकांचं जास्त पटतं.

शाळेचा प्रश्न मात्र सुटला. १९१७ च्या घटनादुरुस्तीने धार्मिक आणि सरकारी शाळांना सारखाच पैसा द्यायचं ठरलं आणि ते आजही चालू आहे. विद्यापीठ देणग्यांवर उभं होतं, पुढे घराघरात हिरवे डबे ठेवून बायका त्यासाठी सुटे पैसे जमवायच्या. दुसरी बाजू अशी की कॅथलिक, प्रोटेस्टंट अशा गटांचं शाळा, पेपर, युनियन, रेडिओ सगळं ज्याचं त्याचं वेगळं झालं आणि शेजारी राहूनही लोक एकमेकांच्या वाटेला जाईनात.

सगळ्यात वाईट वळण दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या काही श्वेतवर्णीय धर्मशास्त्र्यांनी वर्तुळांच्या यादीत 'लोकसमूह' घुसवला, मग प्रत्येक वंशाने आपल्या वर्तुळात राहणं हीच देवाची योजना ठरली. मूळ यादीत वंश नव्हता हे खरंय, पण १८९८ ला प्रिन्स्टनमध्ये त्या डच पाळकांनी दिलेल्या व्याख्यानांत वंशांची उतरंड लावणारी वाक्यं आहेत, त्यामुळे हात झटकता येत नाहीत. १९८२ मध्ये ऑटावाला सुधारित मंडळ्यांच्या (कॅल्विनच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट चर्चेसच्या) जागतिक सभेने वर्णभेदाचं धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवलं. त्याच वर्षी केप टाऊनजवळ बेलहारला जो विश्वासाचा कबुलीनामा लिहिला गेला, तोही याच परंपरेत वाढलेल्या, पण वर्णभेदाने वेगळ्या काढलेल्या मंडळीचा होता.

सुवार्ता-प्रसारावरची १९७४ ची लोझान (स्वित्झर्लंड) इथली जागतिक प्रोटेस्टंट परिषद इथे टाळता येत नाही. दीडशे देशांतले दोन हजारांहून जास्त लोक जमले, सुवार्ता आणि सामाजिक-राजकीय काम दोन्ही ख्रिस्ती कर्तव्य आहेत असं जाहीरनाम्यात आलं, आणि पुढच्याच कलमात सुवार्तेला अग्रक्रम. यात लॅटिन अमेरिकेतल्या लोकांचा रेटा मोठा होता, त्यांना दोन्हीची अशी विभागणीच नको होती. त्या एका 'अग्रक्रमा'वर अजून कागद काळे होतायत.

त्यानंतर आलं अमेरिकेतून 'सात पर्वतां'च्या शिकवणीचं प्रकरण: धर्म, कुटुंब, शिक्षण, सरकार, मीडिया, कला, धंदा, या सातांच्या माथ्यावर ख्रिस्ती लोकांनी पोचायचं. यादी वाचली की १८८० चीच वाटते आणि खूप जण दोन्ही एकच समजून शिकवतातही. पण १८८० ला मुद्दा होता की प्रत्येक वर्तुळावर दुसऱ्या कोणी चढून बसू नये.

बाकी १८८६ च्या त्या दाराच्या वादातून नेदरलँड्समध्ये फुटून वेगळी झालेली दोन चर्चेस २००४ मध्ये परत एकत्र आली, मधे ११८ वर्षं गेली.