टॅनरीच्या सांडपाण्याने शेत-विहीर खराब झाल्यास हरित लवादाकडे भरपाईचा अर्ज : मुदत, नमुना आणि कागदपत्रे

कातडी कमावणाऱ्या कारखान्याच्या (टॅनरीच्या) सांडपाण्याने जमीन, विहीर, जनावरे किंवा आरोग्य यांचे नुकसान झाले असेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (म्हणजेच हरित लवाद) कायदा, २०१० च्या कलम १५ खाली भरपाई मागता येते. नुकसान सोसणारी व्यक्ती, मालमत्तेचा मालक, मृताचे वारस किंवा बाधितांची संघटना अर्ज करू शकते. नुकसान जिथे झाले, तिथल्या खंडपीठाकडे जायचे असते: महाराष्ट्र व गोव्यासाठी पुणे, तमिळनाडूतील पालार खोऱ्यासाठी चेन्नई. कारखानदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची सक्ती नाही, मात्र नुकसान त्याच्याच सांडपाण्याने झाले हे दाखवावे लागते, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडकतात.

त्याआधी मुदतीविषयी. भरपाईसाठी ५ वर्षे मिळतात हे खरे, परंतु ती कारण ‘प्रथम’ उद्भवल्यापासून मोजली जातात. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तक्रार निकाली काढल्याच्या किंवा शेवटचे पीक जळाल्याच्या तारखेपासून नव्हे. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. कलम १४ खालच्या पर्यावरणविषयक वादासाठी तर जेमतेम ६ महिने आहेत. तेव्हा ‘पाच वर्षे आहेत की’ म्हणत केवळ कारखाना बंद करण्याची, म्हणजे कलम १४ खालची, मागणी घेऊन येणाऱ्याला अनेकदा उशीर झालेला असतो. पर्यावरण पूर्ववत करून देण्याची मागणी मात्र कलम १५ मध्येच बसते, हे अर्ज लिहिण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

आता कोणाकडेच नसलेला कागद, म्हणजे नमुन्याचा अहवाल. नाल्यातले निळसर-हिरवे पाणी बाटलीत भरून आणणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण कारखान्याच्या सांडपाण्याचा कायदेशीर नमुना जल कायदा, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळानेच घ्यायचा असतो, आणि त्यासाठी कारखानदाराला नोटीस देणे, नमुना विभागणे, मोहोरबंद करणे हे टप्पे ठरलेले आहेत. ते चुकले, तर अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. चूक अधिकाऱ्याची आणि भुर्दंड शेतकऱ्याला, असा हा न्याय आहे. म्हणून मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी विनंती करून पोच घ्यावी आणि अहवालाची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. सांडपाणी सोडण्यासाठी मंडळ जी संमती देते, तिच्यात कारखान्याला घातलेल्या अटींची नोंदवही हितसंबंध असलेल्या कोणालाही जल कायद्याच्या कलम २५ नुसार पाहता येते. ‘ती गोपनीय आहे’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. स्वतःच्या विहिरीचे पाणी आणि माती मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून स्वतः तपासून घेता येते.

ही तपासणी केवळ क्रोमियमची, म्हणजे कातडी कमावताना वापरल्या जाणाऱ्या धातूची, करून थांबू नये. कच्ची कातडी मिठात टिकवलेली असतात आणि ते मीठ पहिल्याच धुण्यात पाण्याबरोबर बाहेर पडते. शेत नापीक होण्यामागे बऱ्याचदा हा खारेपणाच असतो, तर अहवालात क्रोमियम मर्यादेत दिसले की प्रतिपक्ष सुटल्यासारखा वागतो. त्यामुळे विरघळलेले एकूण क्षार, क्लोराइड, सोडियम आणि सल्फाइड यांचीही तपासणी मागावी. पालार खोऱ्यातील टॅनरींवरच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाल्याची नोंद घेतली होती, यावरून या नुकसानीचा आवाका कळावा.

बाकीचे सोपे आहे. शुल्क मागितलेल्या रकमेच्या १ टक्का, किमान १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ, पण दाखला जोडलेला हवा. सातबारा, पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला आणि औषधोपचाराची बिले मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतरासह द्यावीत. याच नुकसानीसाठी अन्यत्र अर्ज केला असेल किंवा काही रक्कम मिळाली असेल, तर कलम १५ (५) नुसार ते कळवणे बंधनकारक आहे. कारखानदाराने गावात वाटलेली किरकोळ मदतसुद्धा लपवू नये, कारण ती पावती पहिल्याच सुनावणीत पुढे येते.