गाईची मान पोचते तिथपर्यंत

मोकळ्या कुरणांमधून जाणाऱ्या रस्त्यावर दूरवर एखादं एकटं झाड दिसतं. त्याचा वरचा घेर कसाही वाढलेला असतो, खालची कडा मात्र पट्टी लावून छाटल्यासारखी सरळ असते. त्याच्या पलीकडच्या झाडाचीही तशीच, आणि तेवढ्याच उंचीवर. ही छाटणी माळ्याची नव्हे. मान वर करून आणि जीभ लांबवून गाय जिथपर्यंत पोचते, तिथपर्यंतचा पाला संपतो. ही उंची साधारण दोन मीटरच्या आसपास भरते. फांद्या जमिनीला टेकलेल्या दिसल्या, तर त्या कुरणात बरेच दिवस गुरं सोडलेली नाहीत असं खुशाल समजावं.

ही रेघ सहज नजरेत भरते. पण गुरांच्या तोंडाचं मोठं काम दिसतच नाही, कारण ते वर न आलेल्या झाडांमध्ये दडलेलं असतं. चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या फार्नहॅमजवळच्या एका माळाचं वर्णन केलं आहे. टेकड्यांच्या माथ्यावर स्कॉट्स पाइनचे काही जुने पुंजके होते, बाकी सगळा माळ उघडा. त्यातल्या काही भागाला कुंपण घातलं गेलं आणि दहा वर्षांच्या आत तिथे पाइनची दाटी झाली. कुणीही रोपं लावली नव्हती. मग डार्विनने कुंपणाबाहेरचा माळ वाकून पाहिला. खुरट्या झुडपांच्या बुंध्यांमध्ये पाइनची असंख्य रोपं होती, गुरांनी पुन्हा पुन्हा खुडलेली. एका चौरस यार्डात त्याला ३२ रोपं मिळाली. खोडातली वलयं मोजल्यावर त्यांपैकी एक रोप २६ वर्षांचं निघालं! इतकी वर्षं ते झुडपांच्या वर डोकं काढायचा प्रयत्न करत होतं. आपण ज्याला मोकळं माळरान म्हणतो, ते अनेकदा असं रोखून धरलेलं जंगल असतं.

चराईचा हा दाब उठला की काय होतं, हे आफ्रिकेत दिसलं. १८९० च्या दशकात बुळकांडीच्या साथीने तिथली गुरं आणि चरणारे वन्य प्राणी प्रचंड संख्येने मेले. टांझानियातल्या मन्यारा सरोवराजवळ बाभूळवर्गातल्या झाडांचे असे समूह आहेत, ज्यांत सगळी झाडं जवळपास एका वयाची आहेत. खाणारी तोंडं कमी झाल्याच्या काळात ती एकदम तगली, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. म्हणून रस्त्यालगतच्या कुरणात एकाच उंचीची झाडं घोळक्याने उभी दिसली, तर मागे कधीतरी तिथली चराई थांबली होती का, असा प्रश्न पडायला हवा.

अर्थात झाडंही गप्प बसत नाहीत. केनियातल्या प्रयोगांत बाभूळवर्गातल्या झाडांना कुंपण घालून जनावरांपासून दूर ठेवलं, तेव्हा नव्या फांद्यांवर काटे आखूड आले. ज्यांच्याकडे काटे नाहीत ती काटेरी शेजाऱ्याचा आसरा घेतात. कुरणात काटेरी झुडपांचं बेट दिसलं की त्याच्या मधोमध पाहावं. बऱ्याचदा बिनकाट्याचं एखादं कोवळं झाड आतून वर आलेलं असतं. ते मोठं झालं की त्याच्याच सावलीत झुडपं मरतात. उपकारकर्त्याची अशी वासलात निसर्गात नवी नाही. फ्रान्स व्हेरा या डच परिसंस्थातज्ज्ञाने यावरून पुढे जाऊन असं मांडलं, की माणसाने शेती सुरू करण्याआधी युरोपच्या सखल भागात सलग घनदाट जंगल नव्हतंच. मोठ्या चरणाऱ्या प्राण्यांमुळे तिथे झाडं आणि कुरणं यांची सरमिसळ होती. कल्पना मोहक आहे, पण जुन्या गाळातल्या परागकणांचा अभ्यास करणाऱ्या अनेकांना ती पटलेली नाही.

कुंपणाच्या तारेखाली मात्र झाडांची सरळ रांग दिसते. तिचं श्रेय पक्ष्यांचं. फळं खाऊन ते तारेवर आणि खांबांवर बसतात आणि विष्ठेतून बिया नेमक्या त्याच ओळीत टाकतात. तिथे गुरांचं तोंडही नीट पोचत नाही आणि यंत्रही फिरत नाही. काही वर्षांनी तारा गंजून तुटतात, पण झाडांची ओळ उभी राहते.

एवढं रोज खुडूनही गवत कसं टिकतं? गवताचा वाढणारा भाग टोकाला नसून बुडाशी, मातीलगत असतो. पानाचा शेंडा गेला तरी खालून पातं पुढे सरकत राहतं. बहुतेक रोपांचा कोंब शेंड्याला असतो, तो खुडला की त्यांना नव्याने फूट काढावी लागते. शिवाय गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताला वेढा घालते आणि झटका देऊन तोडते, त्यामुळे अगदी जमिनीलगतचं गवत तिला मिळत नाही. मेंढीलाही वरचे पुढचे दात नाहीत, पण तिचं तोंड अरुंद आणि वरचा ओठ दुभंगलेला व चपळ असतो. घोड्याला तर दोन्ही जबड्यांत दात. म्हणून मेंढ्यांचं आणि घोड्यांचं कुरण खरडल्यासारखं दिसतं आणि गाईंचं थोडं उंच, ओबडधोबड. जनावरं नजरेआड असली तरी कुरण कुणाचं याचा अंदाज बांधता येतो.

गाईंच्या कुरणातली गर्द हिरवी, उंच ठोंबं हा आणखी एक पुरावा. गाय दिवसाला साधारण दहा-बारा वेळा शेण टाकते. पोटात गेलेल्या नायट्रोजनचा बहुतांश भाग शेण आणि मूत्रातून जमिनीत परत जातो. पण शेणाच्या पोभोवतीचं गवत गाय कित्येक महिने टाळते. त्यात तिचा फायदाच आहे, कारण शेणातल्या परजीवी जंतांच्या अळ्या आसपासच्या पात्यांवर चढून बसतात. परिणामी जिथे खत सर्वांत जास्त, तिथलंच गवत उभं राहतं. मेंढ्या गाईच्या शेणाला तितक्या नाक मुरडत नाहीत. दोन्ही जनावरं एकत्र चारली तर कुरण बरंच सारखं होतं.

शेणाचं पुढे काय होतं, हे ऑस्ट्रेलियाने महागात शिकलं. तिथे गाई पोचल्या १७८८ मध्ये, पहिल्या वसाहतीच्या जहाजांतून. शेण खाणाऱ्या आणि मातीत पुरणाऱ्या स्थानिक शेणकिड्यांना कांगारूच्या कोरड्या, लहान लेंड्यांची सवय. गाईचं ओलं, मोठं शेण बहुतेकांना झेपेना. ते महिनोन् महिने जागेवर वाळत राही. त्याखालचं गवत मरे आणि माश्यांची मात्र चंगळ होई. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे आलेल्या जॉर्ज बोर्नेमिस्सा या हंगेरियन कीटकशास्त्रज्ञाला हे कुरण पाहूनच काहीतरी चुकतंय असं वाटलं. त्याच्या देशात शेण असं पडून राहत नसे. त्याच्या पाठपुराव्याने १९६० च्या दशकात प्रकल्प उभा राहिला आणि मुख्यतः आफ्रिका व युरोपातून शेणकिडे आणले गेले. रोग येऊ नयेत म्हणून त्यांची अंडी निर्जंतुक करून, हाताने वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत ठेवून वाढवली गेली. सोडलेल्या ४३ जातींपैकी २३ रुजल्या. काही भागांत माश्यांचा त्रास लक्षणीय घटला. परदेशी जीव मुद्दाम सोडण्याचे अनेक प्रयोग अंगलट आले आहेत, हा मात्र तसा नव्हता.

डोंगरउतारांवर एकाखाली एक आडव्या पायऱ्या दिसतात. गुरं सरळ चढण टाळून समपातळीवर चालतात, त्यांच्या खुरांनी त्या पडल्या असं सहज म्हटलं जातं. डार्विनने १८८१ मध्ये गांडुळांवर लिहिताना यावर शंका घेतली. जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिमालयात आणि उत्तर आफ्रिकेतल्या अॅटलास पर्वतात, पाळीव गुरं नसलेल्या जागीही अशा पायऱ्या पाहिल्या होत्या. माती उतारावरून हळूहळू सरकत असते, त्यात सुरुवात होते आणि खुरं ती वाट रुळवतात, असा मिलाफ बऱ्याच ठिकाणी असावा.

राहिला प्रश्न खुद्द गाईंचा. कळपातल्या बऱ्याच जणी एकाच दिशेने तोंड करून का उभ्या असतात? २००८ मध्ये जर्मन आणि चेक संशोधकांनी गूगल अर्थच्या चित्रांत ३०८ कुरणांमधल्या ८,५१० गाईगुरांची दिशा तपासली आणि ती साधारण उत्तर-दक्षिण असल्याचं सांगितलं. गाईंना पृथ्वीचं चुंबकत्व जाणवतं, असा त्यांचा दावा होता. २०११ मध्ये दुसऱ्या एका चेक गटाला तशाच चित्रांत असं काही आढळलं नाही. त्यावर पहिल्या गटाने उत्तर दिलं, की या दुसऱ्या गटाने वापरलेली बरीच चित्रं अस्पष्ट, उताराची किंवा वीजवाहिन्यांजवळची होती. मला स्वतःला चुंबकाआधी साधी कारणं तपासावीशी वाटतात. जोराच्या वाऱ्यापावसात गुरं पाठ फिरवून उभी राहतात, थंड सकाळी अंगाची बाजू उन्हाकडे करतात. आणि होकायंत्र काढण्याआधी त्या दिशेने कुणी चारा घेऊन येत नाही ना, हेही पाहावं.